आई-वडिलांना केअर सेंटरमध्ये ठेवताय? या चुका टाळा

पहिली चूक केंद्र बघायला जाण्याच्या वेळेतच होते. नाशिकात गंगापूर रोडला किंवा पाथर्डी फाट्याच्या आत कुठे जायचं म्हटलं की घरची मंडळी रविवारी सकाळी अकराला जातात. त्या वेळी लादी नुकतीच पुसलेली असते, आंघोळी उरकलेल्या असतात, आजोबा दाढी करून व्हरांड्यात बसलेले असतात. बाग आवडते, देवघर आवडतं, डिपॉझिट भरलं जातं. रात्री नऊनंतर तिथे कोण असतं, हे विचारायचं राहूनच जातं.

म्हणून एकदा रात्रीच्या जेवणानंतर जा. किती खाटांमागे किती माणसं आहेत? त्यांत शिकलेली नर्स आहे की फक्त मावशी? ती त्याच मजल्यावर झोपते का? खाटेजवळची बेल दाबून बघा, कोणी किती वेळात येतं ते. संडासात भांड्याशेजारी धरायला दांडा हवा आणि वाटेत रात्रभर दिवा हवा. म्हातारी माणसं बरेचदा रात्री लघवीला उठतानाच पडतात. झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळीने उठताना तोल जातो. खाटेच्या कडेला मिनिटभर बसून मग उठायची सवय लावावी, आणि पडणं वारंवार होत असेल तर गोळ्या डॉक्टरांना परत दाखवाव्यात. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून खाटेचे कठडे वर करतात, नाहीतर ओढणीने हात बांधून ठेवतात. कठडा ओलांडताना माणूस आणखी उंचावरून पडतो. बांधण्याला तर मी सेवा म्हणणारच नाही.

चादर न उचलणं

मुलं भेटायला येतात, चिकू भरवतात, फोटो काढतात आणि जातात. पाठ कोणी बघत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं माकडहाड, टाचा आणि खुबे दर भेटीत बघा. लाल दिसणाऱ्या जागी बोट दाबून सोडा. ती पांढरी पडली नाही, लालच राहिली, तर बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली आहे असं धरा. सावळ्या कातडीवर लाली दिसेलच असं नाही. तिथे जागा जास्त काळवंडलेली, गरम किंवा कडक लागते. तिथे तेल लावून रगडायचा मोह टाळा, आतली इजा वाढते.

अशा माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. ‘एअर बेड आहे ना’ हे उत्तर पुरेसं नाही. एअर बेडने दाब कमी होतो, कूस बदलायचं काम काही सुटत नाही. नोंदवही मागा आणि नीट वाचा. एका केंद्रात दुपारी चारला वही उघडली, तर रात्री दहापर्यंतचे रकाने भरून तयार होते, एकाच पेनाने, एकाच अक्षरात. वही नसलेलं केंद्र मला त्याहून प्रामाणिक वाटेल.

घाईने भरवणं

आडवं ठेवून भरवलं की घास श्वासनलिकेत जातो आणि त्यातून न्यूमोनिया होतो. पाठ सरळ करून बसवा आणि जेवणानंतर किमान अर्धा तास तसंच ठेवा. पॅरालिसिसनंतर पाणी किंवा चहा पिताना ठसका लागत असेल, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. ताटात काय वाढतात यापेक्षा दर महिन्याचं वजन विचारा. पन्नास किलोच्या आजींचं वजन महिन्यात अडीच किलोने उतरलं, तर काहीतरी बिघडलं आहे.

‘वय झालंय आता’ म्हणून सोडून देणं

कालपर्यंत नीट बोलणाऱ्या आजी आज अचानक बरळायला लागल्या, तर ते वयामुळे नसतं. लघवीतला संसर्ग, शुगर किंवा सोडियम कमी होणं, न्यूमोनिया, कधी नुसतं तुंबलेलं पोट, काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर हवा. युरिन बॅगही बघून घ्या. ती कमरेच्या खाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. व्हीलचेअरवर बसवलं की ती सर्रास मांडीवर ठेवतात. मग लघवी उलटी मागे जाते.

औषधांच्या बाबतीत घोळ घरचेच करतात. कापलेल्या स्ट्रिपा पिशवीत भरून देतात, नाव आणि मुदत दोन्ही गायब! पूर्ण स्ट्रिप आणि ताजी चिठ्ठी द्या. इन्सुलिनच्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, कारण बहुतेक इन्सुलिन उघडल्यावर 28 दिवसांत संपवायचं असतं. जेवणाआधीचं इन्सुलिन टोचलं आणि नाश्त्याला उशीर झाला तर शुगर झपाट्याने उतरते, हे तिथल्या मावशींनाही माहीत हवं. नाशिकच्या थंडीत डायबिटीसच्या पायांना गरम पाण्याची पिशवी लावू देऊ नका. चटका बसलेला त्यांना कळत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर नकोच.

रात्री बिघडलं तर कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं, सही कोण करणार, हे आधीच लिहून द्या. 2027 चा सिंहस्थ आहे. पर्वणीला पंचवटी आणि रामकुंडाकडचे रस्ते बंद असतात, तेव्हा मखमलाबादकडच्या केंद्राने ॲम्ब्युलन्स कुठून काढायची ते आत्ताच ठरवलेलं बरं.

तक्रार असेल तर मावशीवर ओरडू नका. तिच्या अंगावर आधीच भरपूर खाटा असतात, आणि तुम्ही निघून गेल्यावर आईजवळ तीच असणार आहे. मॅनेजरला तारखेसह लेखी द्या, जखमेचा फोटो जोडा. दाद लागली नाही तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन आहे. आणि आई-वडिलांना तिथे टाकून फोन उचलायचंच बंद करणाऱ्यांसाठी 2007 चा कायदा आहे: कायमचं वाऱ्यावर सोडल्याचं सिद्ध झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.