अनेक ब्लॉग, एक नेटवर्क : प्लगिन आणि अपडेट कसे सांभाळावेत

गिरगाव, परळ, विलेपार्ले आणि मुलुंड अशा चार ठिकाणी शाखा असलेली एखादी शिक्षणसंस्था घ्या. प्रत्येक शाखेला स्वतःचा ब्लॉग हवा असतो, पण वर्डप्रेस (ब्लॉग आणि साइट चालवणारं सॉफ्टवेअर) चार ठिकाणी वेगळं सांभाळायला माणूस नसतो. मग मल्टिसाइट लावतात, म्हणजे एकाच वर्डप्रेसवर अनेक साइटचं नेटवर्क चालवतात. २०१० साली आलेल्या ३.० आवृत्तीपासून ही सोय मूळ वर्डप्रेसमध्येच आहे. त्याआधी वर्डप्रेस एमयू ही त्यासाठीची वेगळी आवृत्ती होती.

आधी रचना लक्षात घ्या. सोसायटीची टाकी एक आणि नळ घरोघरी वेगळे, तसं हे आहे. वर्डप्रेसच्या आणि प्लगिनच्या (वर्डप्रेसला जादा सोयी देणाऱ्या जोडण्यांच्या) फायली सगळ्या साइटना मिळून एकच. डेटाबेसातले नोंदींचे आणि सेटिंगचे तक्ते मात्र प्रत्येक साइटचे वेगळे. पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच निघतात.

सुरुवात यादीपासून करा. सगळ्या साइटचा कारभार जिथून चालतो तो डॅशबोर्ड म्हणजे नेटवर्क अ‍ॅडमिन. नेटवर्क अ‍ॅडमिनच्या प्लगिन पानावर सगळीकडे चालू असलेली प्लगिन कळतात. पण एकट्या परळच्या साइटने कोणतं चालू केलंय, हे तिथे दिसत नाही. त्यासाठी प्रत्येक साइटच्या डॅशबोर्डमध्ये जावं लागतं, किंवा डब्ल्यूपी-सीएलआय (आज्ञा टाइप करून वर्डप्रेस चालवायचं साधन) येत असेल तर एकेका साइटचा पत्ता देऊन यादी काढता येते. ही यादी एका शीटमध्ये लिहून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळून पुढे जाऊ नका.

आता प्रत्येक प्लगिनचं ठरवा: सगळीकडे की निवडक? ‘नेटवर्क अ‍ॅक्टिव्हेट’ केलेलं प्लगिन शाखेच्या अ‍ॅडमिनला बंद करता येत नाही. सुरक्षा, स्पॅम रोखणं, कॅशे (पानं लवकर उघडावीत म्हणून त्यांच्या तयार प्रती ठेवणं) यांच्यासाठी ते ठीक. फोटो गॅलरी किंवा प्रवेशाचा फॉर्म एकाच शाखेला हवा असेल तर तो त्याच साइटवर चालू करा. सोय म्हणून सगळं नेटवर्कभर चालू करण्याची सवय मला मुळीच पटत नाही. एक प्लगिन बिघडलं की चारही शाखा एकदम झोपतात.

यात एक खाच आहे. काही प्लगिन चालू होताना डेटाबेसात स्वतःचा तक्ता तयार करतात. नेटवर्कभर चालू केल्यावर ही सुरुवातीची क्रिया एकदाच होते, प्रत्येक साइटवर वेगळी होत नाही. प्लगिन लिहिणाऱ्याने मल्टिसाइटचा विचार केला नसेल तर तक्ता मुख्य साइटपुरताच तयार होतो आणि मुलुंडचा फॉर्म भरला तरी नोंद कुठेच जात नाही. म्हणून नवं प्लगिन मुख्य साइटवर तपासून भागत नाही, दुसऱ्या एखाद्या साइटवरही वापरून बघा. पुढे नवी शाखा जोडाल तेव्हाही हेच.

शाखेच्या अ‍ॅडमिनना प्लगिनचा मेनू द्यायचा की नाही, हे नेटवर्क सेटिंगमध्ये ठरतं. दिला तरी ते असलेली प्लगिन चालू-बंद करू शकतात. नवं टाकणं अख्ख्या नेटवर्कचा कारभार बघणाऱ्या सुपर अ‍ॅडमिनच्याच हाती राहतं. ‘एमयू-प्लगिन्स’ (इथे एमयू म्हणजे ‘मस्ट यूज’) फोल्डरमधल्या फायली तर आपोआप चालतात, पण त्यांच्या अपडेटची सूचना येत नाही. तिथे फक्त स्वतः लिहिलेला छोटा कोड ठेवा.

अपडेटआधी पूर्ण डेटाबेस आणि ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ फोल्डरचा बॅकअप घ्या. डेटाबेस सामाईक असल्याने तो परत चढवला की सगळ्याच शाखांनी मधल्या काळात लिहिलेलं पुसलं जातं. त्यामुळे होस्टिंग स्टेजिंग (साइटची चाचणीसाठीची प्रत) देत असेल तर आधी तिथे करून बघा.

वेळही बघून निवडा. मल्टिसाइटवर प्लगिन अपडेट होताना अख्खं नेटवर्क काही क्षण देखभालीच्या पाटीमागे जातं. मुसळधार पावसाच्या सकाळी पालक ‘आज शाळा आहे का?’ हे बघायला साइट उघडतात, तेव्हा हे नको. शेवटची लोकल गेल्यावर रात्री बसणारेही असतात. पण काही अडलं तर त्या वेळी विचारायला कोणी नसतं. आठवड्यातली मधली एखादी दुपार उत्तम. पाटी अडकली तर मूळ फोल्डरमधली ‘मेन्टेनन्स’ नावाची लपलेली फाइल उडवा. तशीही दहा मिनिटांनी वर्डप्रेस ती जुमानत नाही.

मी आधी प्लगिन एकेक करून अपडेट करतो, मग वर्डप्रेस. प्रत्येक वेळी दोन साइट उघडायच्या, एक फॉर्म भरायचा, पत्त्यात मराठी अक्षरं असलेली एक जुनी नोंद तपासायची. पडदा पांढरा झाला तर एफटीपीने (सर्व्हरवरच्या फायली थेट हाताळायच्या सोयीने) त्या प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदला. फाइल सापडत नाही म्हणून ते बंद पडतं आणि साइट परत येते.

वर्डप्रेस नव्या आवृत्तीवर गेलं की काम संपलं असं वाटतं. फायली बदलल्या हे खरं, पण प्रत्येक साइटचे तक्ते जुनेच असू शकतात. नेटवर्क अ‍ॅडमिनच्या डॅशबोर्डखाली ‘अपग्रेड नेटवर्क’ आहे, ते चालवा. ते पाच-पाच साइट घेत पुढे सरकतं. ५० पर्यंत साइट असतील तर कुणी त्या साइटचा डॅशबोर्ड उघडल्यावर हे काम आपसूकही होतं, पण ज्या शाखेत महिनोन्‌महिने कोणी लॉगिनच करत नाही तिचं काय?

हे चालू असताना एखाद्या साइटचं नाव घेऊन इशारा आला आणि गाडी थांबली, तर सर्व्हरला त्या साइटच्या पत्त्यावर पोचता आलेलं नाही. उदाहरणार्थ, त्या शाखेचं स्वतंत्र डोमेन मुदत संपून सुटलेलं असू शकतं. ते दुरुस्त करून पुन्हा चालवा.

नको असलेली प्लगिन शेवटी काढा. ‘डिलीट’ दाबण्याआधी सुरुवातीची शीट उघडा, कारण फाइल एकच आहे आणि विलेपार्लेवाले ती अजून वापरत असतील.