परदेशी ऑनलाइन लिलावातून जुना फिल्म कॅमेरा : विदर्भातील गावात राहून खरेदी कशी करावी

बाजार समितीच्या आवारात सोयाबीनचा लिलाव होतो तेव्हा व्यापारी ढिगात हात घालतो, दाणा दाताखाली धरून ओल पाहतो आणि मगच बोली बोलतो. ऑनलाइन लिलावात जुना फिल्म कॅमेरा घेणाऱ्याला ही सोय नसते. त्यात तो यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोली जिल्ह्यातील एखाद्या गावात राहत असेल, तर नादुरुस्त निघालेला कॅमेरा परत पाठवणे महाग पडते आणि तो उघडून नीट करणारा कारागीरही जवळपास मिळत नाही. म्हणून शहरातल्या माणसाने कॅमेरा हाती आल्यावर केली तरी चालेल अशी बरीचशी तपासणी गावातल्या माणसाने बोली लावण्याआधीच, छायाचित्रे पाहून आणि विक्रेत्याला प्रश्न विचारून, उरकली पाहिजे.

लिलावाकडे वळण्यापूर्वी तालुक्याच्या गावातील जुन्या फोटो स्टुडिओत एकदा अवश्य विचारावे. लग्नकार्यांत फिल्मवर फोटो काढणाऱ्या अनेकांकडे त्या काळातले कॅमेरे अजून कपाटात पडून आहेत, आणि हातात घेऊन पाहता येणारा कॅमेरा दोन पैसे जास्त देऊन घेतला तरी तो सौदा बहुधा चांगलाच ठरतो. तिथे काही मिळाले नाही, तरच पुढचा मार्ग धरावा.

कोणता कॅमेरा निवडावा

पहिला कॅमेरा पूर्णपणे यांत्रिक असावा, असे माझे ठाम मत आहे. पेन्टॅक्स के१००० हा कॅमेरा १९७६ ते १९९७ अशी सुमारे दोन दशके तयार होत होता. त्याचे शटर, म्हणजे फिल्मवर ठरावीक वेळ प्रकाश पडू देणारा पडदा, सेलशिवाय चालते. आतला एकमेव बटणसेल केवळ प्रकाश मोजणाऱ्या मीटरसाठी असतो आणि तो एलआर४४ जातीचा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. निकॉनचा १९७७ सालचा एफएम आणि १९८२ सालचा एफएम२ हेही याच प्रकारचे कॅमेरे आहेत. सेल संपला, मीटर बंद पडले, तरी मोबाइलवरील लाइट मीटरचे ॲप वापरून काम पुढे चालू ठेवता येते.

कॅनन एई-१ हाही १९७६ सालचाच. तो प्रचंड संख्येने विकला गेल्यामुळे लिलावांत सतत दिसतो, परंतु सहा व्होल्टचा सेल नसेल तर त्याचे शटर हलतच नाही. शिवाय जुन्या एई-१मध्ये आतल्या दातेरी चक्रांचे तेल वाळून शटर दाबताच शिट्टीसारखा चिरका आवाज येतो. यशिका इलेक्ट्रो ३५ची लेन्स फार सुरेख आहे, पण तो ज्या पाऱ्याच्या सेलवर चालण्यासाठी बनवला होता तो सेल आता तयार होत नाही, त्यामुळे दुसरा सेल ॲडॉप्टर लावून बसवावा लागतो. आणि आतला रबराचा एक लहानसा तुकडा कालांतराने झिजून गेला की त्याचे एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण, बिघडते. हे कॅमेरे वाईट नाहीत. दुरुस्तीची सोय जवळ असलेल्याने ते खुशाल घ्यावेत.

यशिका मॅट-१२४जी या दोन लेन्सच्या कॅमेऱ्याचा स्वतंत्र विचार करावा लागतो. त्यात १२० नावाचा रुंद रोल लागतो आणि एका रोलवर बाराच फोटो निघतात, म्हणजे प्रत्येक फोटोचा खर्च वाढतो. पण चौकोनी, मोठ्या निगेटिव्हमध्ये जो तपशील उतरतो तो पाहिल्यावर हा खर्च पटतो. त्याचे मीटर बहुतेक वेळा बंद असते. तेवढ्यावरून कॅमेरा सोडू नये, किंमत मात्र त्या हिशेबाने धरावी.

फोटो कशाचे काढायचे आहेत, यावर लेन्स ठरते. कापसाची वेचणी किंवा पोळ्याच्या दिवशी सजवलेल्या बैलांचे फोटो भर उजेडात निघतात, तिथे साधी लेन्सही पुरते. झाडीपट्टीतील रात्रभर चालणारे नाटक टिपायचे असेल, तर मात्र जास्त प्रकाश आत घेणारी एफ १.८ किंवा एफ १.४ची ५० मिलिमीटर लेन्स कॅमेऱ्यासोबत येते की नाही हे आधी पाहावे, कारण ती नंतर वेगळी घेताना टपालखर्च आणि सीमाशुल्क पुन्हा भरावे लागते.

वर्णन आणि छायाचित्रे कशी वाचावीत

ईबे या अमेरिकी ऑनलाइन लिलाव कंपनीचे भारतासाठीचे स्वतंत्र संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले. आता मुख्य संकेतस्थळावरून परदेशी विक्रेत्यांकडून खरेदी करता येते, मात्र प्रत्येक विक्रेता भारतात माल पाठवतोच असे नाही. ते आधी तपासावे. जपानमधील याहू ऑक्शन्सवर बायी किंवा झेनमार्केट अशा मध्यस्थ सेवांमार्फत बोली लावता येते. तिथे निवड मोठी असते, पण मध्यस्थाचे शुल्क आणि जपानमधील अंतर्गत वाहतूक खर्चात धरावी लागते, आणि माल परत घेण्याची सोय सहसा नसते.

वर्णनातील शब्दांना ठरलेले अर्थ आहेत. ‘अनटेस्टेड’ म्हणजे विक्रेत्याने कॅमेरा चालवून पाहिला नाही, असे तो सांगतो. प्रत्यक्षात चालत नसलेला कॅमेराही पुष्कळदा याच शब्दाखाली विकला जातो. ‘ॲज इज’ म्हणजे आहे त्या स्थितीत, पुढे तक्रार ऐकली जाणार नाही. ‘फॉर पार्ट्स’ आणि जपानी लिलावांतील ‘जंक’ हे शब्द दिसले, तर कॅमेरा बंदच आहे असे धरून चालावे. ‘शटर फायर्स’ एवढ्याने काही सिद्ध होत नाही, कारण शटर उघडणे वेगळे आणि ते नेमून दिलेल्या वेळेइतकेच उघडे राहणे वेगळे. ‘फिल्म टेस्टेड’ हा शब्द सर्वांत मोलाचा. सोबत त्या रोलवरील फोटो दाखवले असतील तर अधिकच. ‘मिंट’, ‘निअर मिंट’, ‘एक्सलंट’ या श्रेणी प्रत्येक विक्रेता आपल्या मनाने लावतो. ‘निअर मिंट’ लिहिलेल्या कॅमेऱ्याच्या वर्णनात चार ओळी खाली ‘लेन्समध्ये किंचित बुरशी’ असेही लिहिलेले सापडते. म्हणून वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे.

छायाचित्रे मोबाइलवर बोटांनी मोठी करून पाहावीत. सर्वांत आधी सेलचा कप्पा. जुना सेल आत राहून फुटला असेल तर पितळी पट्टीवर हिरवट किंवा पांढरी भुकटी साचलेली दिसते. ती वरवरची असेल तर पुसता येते, पण आतल्या तारेपर्यंत पोहोचली असेल तर मीटर गेले असे समजावे. त्यानंतर मागचे झाकण उघडलेले छायाचित्र. झाकणाच्या कडेच्या खाचेत काळा फोम असतो. तो डांबरासारखा चिकट झालेला किंवा भुगा होऊन गळालेला दिसला, तर प्रकाश आत शिरणार हे नक्की. जुन्या कॅमेऱ्यांत हा दोष जवळजवळ ठरलेलाच असतो आणि घरी नवा फोम कापून लावता येतो, म्हणून त्याची धास्ती घेऊ नये. शटरच्या पडद्यावर सुरकुती, भोक किंवा बोटाचा ठसा असेल तर मात्र माघार घ्यावी.

लेन्सबाबत सर्वाधिक कठोर राहावे. समोरून काढलेल्या चकचकीत छायाचित्रात बुरशी दिसत नाही. लेन्सचे ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे भोक, पूर्ण उघडून, मागून टॉर्चचा उजेड पाडून काढलेले छायाचित्र विक्रेत्याकडे मागावे. त्यात बुरशी असेल तर काचेच्या कडेपासून आत पसरणारे बारीक तंतू दिसतात, आणि धुरकट थर असेल तर सगळी काच दुधी दिसते. ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक दिसली तर पाती अडकण्याची शक्यता असते. एक सेकंदावर शटर चालवल्याचा छोटा व्हिडिओही मागावा, कारण वाळलेल्या तेलाचा दोष संथ वेगांवर लगेच उघड होतो. विक्रेत्याला चार नम्र, नेमके प्रश्न विचारावेत. उत्तर दिले नाही, तर तो कॅमेरा सोडून द्यावा, मग तो कितीही देखणा असो.

खर्चाचा हिशेब आणि बोली

लिलावात दिसणारी रक्कम ही एकूण खर्चाचा केवळ पहिला भाग असते. तिच्यात आंतरराष्ट्रीय टपालखर्च, बँकेचे परकीय चलनाचे शुल्क आणि सीमाशुल्क मिळवावे लागते. सीमाशुल्क केवळ कॅमेऱ्याच्या किमतीवर आकारले जात नाही. किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर ते लागते, त्यामुळे महागड्या टपालाचा भुर्दंड दोनदा बसतो. दर अर्थसंकल्पागणिक बदलू शकतात, म्हणून बोलीच्या वेळचा दर पाहूनच हिशेब मांडावा. पार्सलवर ‘भेट’ असे लिहिण्याची किंवा किंमत कमी दाखवण्याची विनंती विक्रेत्याला करू नये आणि त्याने सुचवले तरी नकार द्यावा. ते बेकायदेशीर आहे, शिवाय पार्सल हरवल्यास भरपाई त्या खोट्या रकमेचीच मिळते.

आपली मर्यादा ठरवण्यासाठी ईबेवर ‘सोल्ड आयटम्स’ ही गाळणी लावावी. मागितलेल्या किमतींऐवजी, अलीकडच्या सुमारे तीन महिन्यांत प्रत्यक्ष मिळालेल्या किमती त्यात दिसतात. त्याच मॉडेलचे चालू स्थितीतील दहाबारा सौदे पाहिले की भाव कळतो. त्यातून दुरुस्तीसाठी काही रक्कम वजा करावी, आणि उरेल ती आपली कमाल बोली.

ही कमाल बोली एकदाच लावायची असते. ईबे ती गुप्त ठेवते आणि समोरच्याच्या बोलीपेक्षा एक पायरी वर इतकीच आपली बोली वाढवत नेते. आपण ९० डॉलरची मर्यादा दिली आणि दुसऱ्याची ७० डॉलरला संपली, तर कॅमेरा आपल्याला ७१ डॉलरला मिळतो. अनेक जण पूर्णांकात बोली लावतात, म्हणून ९० ऐवजी ९१.३७ अशी विषम रक्कम दिल्यास कधी कधी थोडक्यात लिलाव जिंकता येतो. शेवटच्या काही सेकंदांत बोली लावण्याची पद्धत शहरात ठीक आहे. पण जिथे नेटवर्कसाठी गच्चीवर जावे लागते आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, तिथे लिलाव संपण्याच्या काही तास आधी कमाल बोली लावून मोकळे व्हावे. वेळेचेही भान ठेवावे. कॅलिफोर्नियात संध्याकाळी सात वाजता संपणारा लिलाव आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, आणि त्यांच्या हिवाळ्यात साडेआठला संपतो. जपानमधील रात्रीचे दहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. याहूच्या बहुतेक लिलावांत शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की मुदत आणखी पाच मिनिटांनी वाढते, त्यामुळे तिथे शेवटच्या क्षणाची घाई कामाला येत नाही आणि ईर्षेने मर्यादा ओलांडण्याचा धोका मात्र वाढतो. मर्यादा ओलांडू नये. त्याच मॉडेलचा दुसरा कॅमेरा थोड्याच दिवसांत लिलावाला येतो.

पैसे भरण्याआधी आपल्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का, हे पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवे कार्ड केवळ देशांतर्गत वापरासाठी सुरू करून दिले जाते. परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत जाऊन स्वतः सुरू करावे लागतात. समाजमाध्यमांवर कॉमेंटमध्ये बोली लावून चालणाऱ्या लिलावांत आगाऊ रक्कम यूपीआयने मागितली जाते, त्यापासून लांब राहावे. फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

पार्सल आणि पहिला महिना

विदर्भातील पिनकोड ४४ने सुरू होतात, आणि परदेशी संकेतस्थळांच्या पत्त्यात तालुक्यासाठी वेगळा रकाना नसतो. दुसऱ्या ओळीत पोस्टाचे गाव आणि तालुका, शहराच्या रकान्यात जिल्हा, आणि सोबत मोबाइल क्रमांक असे लिहावे. नाव ओळखपत्रावर आहे तसेच द्यावे, कारण कुरियर कंपनी सीमाशुल्कासाठी ओळखीचा पुरावा मागते. खासगी कुरियर गावापर्यंत येत नसेल, तर टपालाने पाठवणारा विक्रेता निवडावा.

खोके उघडताना सुरुवातीपासून अखंड व्हिडिओ काढावा. त्यानंतर मागचे झाकण उघडून कॅमेरा खिडकीकडे धरावा आणि मोबाइलच्या सेकंदाला २४० चित्रे टिपणाऱ्या स्लो मोशनवर मागून शटर टिपावे. एक सेकंदाच्या वेगावर सुमारे २४० चित्रांत उजेड दिसला पाहिजे, १/३० सेकंदावर सुमारे आठ चित्रांत. दुप्पट दिसत असतील तर शटर संथ आहे. मग गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीवर फोकस करून पाहावा. इतक्या दूरची वस्तू स्पष्ट दिसते तेव्हा फोकस रिंग अनंताच्या खुणेवर असली पाहिजे.

कॅमेरा पत्र्याच्या छताखाली ठेवू नये. आपल्या उन्हाळ्यात फोकस रिंगमधले वंगण पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर उतरते. पावसाळ्यात तो चामड्याच्या पाकिटातून काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, कारण चामडे ओल धरून ठेवते आणि बुरशी तिथूनच लेन्समध्ये जाते.

पहिला रोल पहिल्याच आठवड्यात संपवावा. वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्यास ईबेवर साधारण ३० दिवसांत तक्रार नोंदवावी लागते, आणि रोल टपालाने मुंबई-पुण्याच्या लॅबला जाऊन धुऊन येण्यात त्यातले बरेच दिवस जातात. निगेटिव्ह हाती आल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. एका कडेला सारखी येणारी काळी पट्टी असेल तर फोम गेला आहे. फोटोची एक बाजू दुसरीपेक्षा सतत फिकट असेल तर शटरचे पडदे एकसारखे पळत नाहीत. फोटो एकमेकांवर चढत असतील तर रोल पुढे सरकवणारी यंत्रणा घसरते. फोम स्वतः बदलावा. बाकी दोन दोषांसाठी निगेटिव्हचे स्कॅन, शटरचा स्लो मोशन व्हिडिओ आणि विक्रेत्याने केलेले मूळ वर्णन एकत्र जोडून मुदतीच्या आत तक्रार दाखल करावी, आणि भरलेले सीमाशुल्क ईबेच्या पैसे परत देण्याच्या हमीतून मिळेल असे गृहीत धरू नये.