शिकारीचा फोटो काढण्याआधी

रक्ताने माखलेलं तोंड, लोंबती जीभ, पाठीवर रोवलेला बूट. असा फोटो पाहून शिकारी मंडळींनाही शिसारी येते.

१. पोट फाडण्याआधी आणि अंग ताठरण्याआधी फोटो उरका.

२. नाका-तोंडावरचं रक्त ओल्या फडक्याने पुसा. जीभ आत सारा. जबडा आवळला की ती जात नाही. पाय पोटाखाली दुमडून जनावर बसल्यासारखं ठेवा, जखम पलीकडच्या बाजूला.

३. त्याच्या मागे गुडघ्यावर बसा, अंगावर नाही. कॅमेरा जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा.

गाडीच्या हौद्यातला फोटो मात्र कसाही काढा, वाईटच दिसतो.

बंदूक हवीच असेल तर रिकामी करून स्वतः तपासा. नळी कुणाकडेही नको, फोटो काढणाऱ्याकडे तर नाहीच.