गिअरबॉक्समध्ये कोणतं ऑइल घालायचं? गणपतीआधी गाडी सर्व्हिसला टाकताना

श्रावण लागला की कोकणातल्या गॅरेजवाल्यांना उसंत नसते. इंजिन ऑइल कोणतं घालायचं यावर माणसं अर्धा तास वाद घालतात. मग मेकॅनिक सहज विचारतो, "गिअर ऑइल पण बदलून टाकू?" आपण म्हणतो, "टाका." कोपऱ्यात एक पिंप असतं, त्यातलं दोन लिटर गाडीत जातं. त्या पिंपात काय आहे, हे कुणीच विचारत नाही. काम स्वतः करा किंवा गॅरेजात समोर उभं राहून करून घ्या, क्रम मात्र पुढे दिलाय तसाच ठेवा.

आधी गिअरबॉक्स ओळखा

क्लचचं पेडल असेल तर मॅन्युअल, इतकं सोपं. घोळ पुढे सुरू होतो. क्लच पेडल नसलेली प्रत्येक गाडी आपण 'ऑटोमॅटिक' म्हणून मोकळे होतो, पण त्यात चार वेगळ्या जाती आहेत.

भारतात २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आलेली एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) ही आतून मॅन्युअलच. क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम तुमच्याऐवजी यंत्रणा करते, बस्स. तिच्या गिअरबॉक्सला साधारणपणे मॅन्युअलचंच ऑइल लागतं. काही गाड्यांत क्लच हलवणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेचं ऑइल वेगळं असतं, तेवढं विसरू नका. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे क्लचऐवजी ऑइलच्या जोरावर इंजिनची ताकद पुढे देणाऱ्या खऱ्या ऑटोमॅटिकला एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड लागतं. सीव्हीटीमध्ये गिअरांऐवजी पोलादी पट्टा दोन पुलींच्या मध्ये घट्ट धरलेला असतो. त्याची पकड टिकवणारं ऑइलच हवं, साधं एटीएफ घातलं तर पट्टा घसरतो. ड्युअल क्लचचं, म्हणजे दोन क्लच असलेल्या गिअरबॉक्सचं ऑइल आणखी निराळं, आणि त्यातही क्लच कोरडा की ऑइलमध्ये बुडालेला, यावर ठरतं.

मग पुस्तक उघडा

डॅशबोर्डच्या कप्प्यात टोलच्या पावत्यांखाली दबलेलं ते पुस्तक काढा. शेवटच्या पानांत वंगणांचा तक्ता असतो. त्यातल्या तीन गोष्टी मोबाइलवर फोटो काढून ठेवा: ऑइलचा दर्जा, त्याचा घट्टपणा आणि किती लिटर. पुस्तक हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर ते मिळतं. नाहीतर अधिकृत पार्टच्या काउंटरवर चासी नंबर सांगा, ते नेमकं ऑइल सांगतात.

तक्त्यातली भाषा अशी असते: मॅन्युअलला ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९० (हा घट्टपणा), जीएल-४ (हा गिअर ऑइलचा दर्जा). ऑटोमॅटिकला डेक्सरॉन, टोयोटाचं डब्ल्यूएस, ह्युंदाईचं एसपी-४. सीव्हीटीला होंडाचं एचसीएफ-२, निसानचं एनएस-३. ही नावं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दुकानदार "सेम टू सेम" म्हणाला तरी नाही.

जीएल-४ आणि जीएल-५

इथे जरा थांबू, कारण सर्वांत जास्त चुका इथे होतात. पाचवी म्हणजे चौथीच्या पुढची, हा शाळेचा हिशेब ऑइलला लागू नाही. जीएल-५ मध्ये जबर दाब सोसण्यासाठी गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या मागच्या ॲक्सलला ते हवंच. पण मॅन्युअल गिअरबॉक्समधल्या सिंक्रोनायझरच्या कड्या बऱ्याच गाड्यांत पितळेच्या असतात. त्या घर्षणाने दोन गिअरांचा वेग जुळवतात. ऑइल गरजेपेक्षा निसरडं झालं की वेग जुळत नाही, गिअर करकरतो, आणि ती रसायनं पितळही खाऊ शकतात. सपाट रस्त्यावर हे चटकन कळत नाही. आंबा किंवा कुंभार्ली घाटाच्या वळणावर तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना हाताला बरोबर कळतं. पुस्तकात जीएल-५ च लिहिलं असेल तर अर्थातच तेच घाला. शेवटचा शब्द पुस्तकाचा.

दुकानात

सीलबंद डबाच घ्या, लूज ऑइल नको. डब्याच्या पुढच्या बाजूला गाडीचं चित्र असतं, कामाचा मजकूर मागे असतो. तिथे तुमच्या पुस्तकातला दर्जा अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. रंगावर जाऊ नका. लाल म्हणजे एटीएफ, असं सर्रास मानतात, पण रंग हा नुसता ओळखीसाठी घातलेला असतो.

छोट्या मॅन्युअल गाडीला साधारण दोन लिटर पुरतं. ऑटोमॅटिकमध्ये खालचा प्लग उघडला तरी सगळं ऑइल निघत नाही. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं. म्हणून उरलेल्या जुन्या ऑइलशी जुळणारंच नवं हवं.

आता प्लग

गाडी सपाट जागी, चाकांना दगड, आणि खाली शिरायचं तर स्टँडवर. नुसत्या जॅकवर कधीच नाही. मग आधी वरचा, ऑइल भरायचा प्लग सैल करून बघा, आणि तो सुटला तरच खालचा उघडा. मी एकदा उलटं केलं होतं. खालून सगळं ऑइल घमेल्यात आलं, आणि वरचा प्लग खाऱ्या हवेने असा धरलेला की पाना फिरेना. गाडी खळ्यात माडाखाली उभी, उद्या हरतालिका, आणि मूर्ती आणायला शेजाऱ्याचा टेम्पो.

निघालेलं ऑइल नीट पहा आणि मोजा. प्लगच्या लोहचुंबकाला काळा बारीक लगदा चिकटला असेल तर ती नेहमीची झीज. हाताला टोचणारे तुकडे मिळाले तर नव्या ऑइलवर पैसे घालण्याआधी गिअरबॉक्स तपासून घ्या. लाल ऑइल सोलकढीच्या रंगाचं होऊन आलं तर आत पाणी किंवा कूलंट शिरलंय. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा वेळी गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या वाटेतून, पाणी आत जातं. गरम गिअरबॉक्स पाण्यात थंड होताना ते ओढूनच घेतो. पुरातून निघालेल्या गाडीचं नुसतं इंजिन ऑइल बदलून भागत नाही ते यासाठी.

प्लगला नवा वॉशर घाला. मॅन्युअलमध्ये बहुधा वरच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत ऑइल आलं की पुरे. ऑटोमॅटिकची पातळी मात्र ठरावीक तापमानाला आणि पुस्तकात सांगितलेल्या पद्धतीनेच बघायची, अंदाजपंचे नाही. ते काम मी स्वतः करत नाही.

बदल किती किलोमीटरला? पुस्तकात दोन तक्ते असतात, साधा आणि खडतर वापराचा. घाट, दमट हवा आणि पाण्यातून जाणारे रस्ते धरले तर आपला दुसरा.

जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजात द्या, तिथून ते पुनर्वापराला जातं. वाळवी लागू नये म्हणून ते घराच्या वाशांना फासायची आपल्याकडे सवय आहे. वास पावसाळाभर घरात राहतो, आणि पागोळ्यांबरोबर ते ऑइल अंगणातून विहिरीकडे उतरतं.