बोटीच्या लोडाला घरच्या घरी नवं व्हिनाइल

गोव्यात मांडवी नदीतल्या बोटींवरचे लोड, म्हणजे प्लायच्या पाटावर बसवलेल्या फोमच्या गाद्या, बहुधा शिवणीवरच उसवतात. ऊन आधी दोरा खातं, मग कापड. म्हणून सुती दोरा नकोच. जाड पॉलिएस्टरचा, उन्हात टिकणारा घ्या. व्हिनाइलही (प्लास्टिकचा थर असलेलं कापड) मरीन, म्हणजे बोटीसाठीच्या प्रतीचंच हवं. सोफ्याचं स्वस्त रेक्झिन गोव्याच्या उन्हात लवकर तडकतं.

काम मे महिन्यात उरका, पावसाळ्यात फोम वाळत नाही. खोळ पाटाला धरून ठेवणाऱ्या जुन्या स्टेपलच्या पिना पेचकसाने उचकटा, खोळ न फाडता काढा आणि शिवण उसवून खोळीचेच तुकडे मापाला वापरा. पिना मारायच्या कडांना 6 ते 7 सेंमी जास्त कापड ठेवा. प्लायचा पाट टोचून बघा. टोक सहज रुतलं तर पाट बदला. नव्या 12 मिमी मरीन प्लायला पाणी निथळायला तीन-चार भोकं पाडा, कापलेल्या कडांना इपॉक्सी लावा.

टाका 4 ते 5 मिमीचा ठेवा. बारीक टाक्याने भोकं जवळजवळ पडतात आणि व्हिनाइल त्याच रेघेवर फाटतं. टाचण्या लावू नका, त्यांची भोकं बुजत नाहीत, क्लिपा वापरा.

ताणण्याआधी व्हिनाइल दहा मिनिटं उन्हात ठेवा, मऊ पडतं. पहिली पिन मधोमध, दुसरी समोरच्या बाजूला, मग कोपऱ्यांकडे सरका. कोपरा शेवटी, बारीक चुण्या घालून. पिना स्टेनलेस स्टीलच्या, 8 ते 10 मिमी. साध्या पिना खाऱ्या हवेत गंजतात आणि तांबडे डाग वर येतात, ते धुऊन जात नाहीत.