तेजोमेघाचा फोटो बिघडला? आधी तारे बघा

मृग नक्षत्रातला एम ४२ हा बहुतेकांचा पहिला तेजोमेघ. बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला, अंधाऱ्या जागी नुसत्या डोळ्यांनाही धूसर दिसतो. फोटो मनासारखा आला नाही की बरेच जण सॉफ्टवेअरमध्ये रंग ओढत बसतात. त्याआधी फोटो १०० टक्के झूम करून ताऱ्यांचे आकार बघा; बिघाड कुठला ते तिथेच कळतं.

सगळे तारे गोल, पण फुगलेले असतील तर फोकस चुकलाय. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भरवसा ठेवू नका, ऑटोफोकस बंद करा. लाइव्ह व्ह्यूमध्ये व्याधाचा तारा १० पट मोठा करा आणि तो अगदी बारीक टिंब होईपर्यंत रिंग हळूहळू फिरवा. मग रिंगवर चिकटपट्टी लावा. रात्र चढते तसं तापमान उतरतं आणि फोकस सरकतो, म्हणून अधूनमधून पुन्हा तपासा. या कामात घाई करू नका, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

तारे एकाच दिशेला लांबट दिसतायत? मग ट्रॅकिंग बघा. आकाश सरकतं तसा कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर नसेल तर २०० मिमी लेन्सवर दोनेक सेकंदांतच रेघा उमटतात. ट्रॅकर असेल तर त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे नीट लागलेला नसतो. पुण्याहून ध्रुव क्षितिजावर जेमतेम साडेअठरा अंश असतो, त्यामुळे उत्तरेला डोंगर किंवा इमारत नसलेली जागाच निवडा. फक्त कोपऱ्यातले तारे ताणले असतील तर दोष लेन्सचा. ॲपर्चर एक स्टॉप लहान करा, म्हणजे एफ-आकडा वाढवा.

एम ४२चा गाभा पांढराफटक होतो, कारण तिथला ट्रॅपेझियम हा तारकागुच्छ फार तेजस्वी आहे. गाभ्यासाठी पाच-दहा सेकंदांचे वेगळे फोटो काढून नंतर मुख्य फोटोला जोडा.

बाणाच्या पूर्वेकडच्या ताऱ्यालगतचा अश्वशीर्ष हा घोड्याच्या डोक्यासारखा तेजोमेघ मात्र साध्या डीएसएलआरमध्ये फिकाच येतो. हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश सेन्सरसमोरचा फिल्टर बराचसा अडवतो. सॅच्युरेशन वाढवून तो परत येत नाही. एकूण एक्स्पोजर वाढवा, म्हणजे जास्त फोटो काढून एकत्र जोडा. दाणेदारपणा निम्मा करायला चौपट फोटो लागतात.

सुरुवातीचे फोटो स्वच्छ आणि नंतरचे हळूहळू धुरकट होत गेले असतील, तर लेन्सवर दव बसलंय. कापडाने पुसलं तरी लगेच पुन्हा बसतं. लेन्सभोवती यूएसबीवर चालणारा हीटरचा पट्टा सुरुवातीपासूनच गुंडाळा.