एक्सेल नसताना एक्सेलची फाइल कशी उघडायची

सोसायटीची नवी कमिटी आली की जुने खजिनदार तिच्या हातात एक पेनड्राइव्ह ठेवतात. दहिसर असो की गिरगाव, हे सगळीकडे असंच चालतं. मेंटेनन्सची थकबाकी, सिंकिंग फंड, पार्किंगचं वाटप, सगळं त्या पेनड्राइव्हवर असतं आणि नव्या सेक्रेटरींच्या लॅपटॉपवर एक्सेलच नसतं. मग कोणीतरी सुचवतं, विकत घ्या. दुसरं कोणी म्हणतं, क्रॅक केलेलं टाकून देतो. यातलं काहीच लागत नाही. क्रॅक तर मुळीच नको, कारण त्याच लॅपटॉपवरून सोसायटीच्या बँक खात्याचे व्यवहार होतात.

सगळ्यात आधी फाइलची प्रत काढा. मूळ फाइल पेनड्राइव्हवर आहे तशीच राहू द्या आणि काम फक्त प्रतीवर करा. उद्या ऑडिटरने विचारलं तर हात न लागलेली फाइल दाखवता आली पाहिजे.

मग फाइलचं एक्सटेन्शन बघा, म्हणजे नावात टिंबानंतर येणारी अक्षरं. विंडोज ११ मध्ये ती दिसत नसतील तर फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’, आणि तिथे ‘फाइल नेम एक्सटेन्शन्स’वर टिक करा. ‘एक्सएलएस’ म्हणजे एक्सेलचा जुना प्रकार. त्यात एका शीटमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. २००७ च्या आवृत्तीपासून ‘एक्सएलएसएक्स’ आला, त्यात १०,४८,५७६ ओळी बसतात. ‘ओडीएस’ हा लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरचा प्रकार. ‘सीएसव्ही’ म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. ‘नंबर्स’ असं लिहिलेलं असेल तर फाइल अ‍ॅपलच्या मशीनवर झाली आहे. पाठवणाऱ्यालाच ती एक्सेल प्रकारात एक्सपोर्ट करून पाठवायला सांगा.

नुसती वाचायची असेल तर फोन पुरतो. फाइल गूगल ड्राइव्हवर टाका आणि गूगल शीट्समध्ये उघडा. थोडीफार दुरुस्तीही तिथे होते. मायक्रोसॉफ्टचं मोफत खातं असेल तर ब्राउझरमधलं एक्सेलही फुकट मिळतं.

पण रोज काम करायचं असेल तर माझं स्पष्ट मत आहे, लॅपटॉपवर लिब्रेऑफिस टाका. ते मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि एकदा टाकलं की इंटरनेट लागत नाही. डाउनलोड मात्र त्यांच्या अधिकृत साइटवरूनच करा. मग त्यातलं ‘कॅल्क’ उघडा, ‘फाइल’ मेन्यूतून ‘ओपन’ करा आणि आपली प्रत निवडा. बेरजा, टक्केवारी, व्हीलूकअप (यादीतून एखाद्या नावासमोरची माहिती शोधणारं सूत्र) हे सगळं चालतं. त्याचंच नवं रूप असलेलं एक्सलूकअप हवं असेल तर २४.८ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेले छोटे प्रोग्राम असलेली फाइल असेल तर प्रत्येक मॅक्रो चालेलच असं नाही. फाइल ओळखीच्या माणसाकडून आलेली नसेल तर मॅक्रो बंदच ठेवा.

उघडल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एफ९ एकत्र दाबा. एक्सेलने शेवटी साठवलेली उत्तरंच कॅल्क बहुतेकदा तशीच दाखवतं. या बटणांनी सगळी सूत्रं नव्याने मोजली जातात. थकबाकीची बेरीज आधी आणि नंतर सारखी आली तर निश्चिंत व्हा. सेव्ह करताना कुठला प्रकार ठेवायचा ते विचारलं जाईल. फाइल अकाउंटंटकडे जाणार असेल तर एक्सेलचा प्रकार ठेवा.

सीएसव्हीच्या बाबतीत घाई करू नका. उघडताना कॅल्क एक चौकट दाखवतं. तिथे ‘कॅरेक्टर सेट’मध्ये युनिकोड यूटीएफ-८ (मराठीसह सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) निवडा, नाहीतर सभासदांच्या मराठी नावांची खिचडी होते. त्याच चौकटीत खाली नमुना दिसतो. बँक खाते क्रमांकाच्या स्तंभावर क्लिक करा आणि त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. हे केलं नाही तर सुरुवातीची शून्यं उडतात, आणि पंधरा अंकांपेक्षा मोठ्या क्रमांकाचे शेवटचे अंक बदलतात. एकदा तसं सेव्ह झालं की मूळ आकडा परत मिळत नाही.

मराठी फाइलमध्ये नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसला तर फाइल बिघडलीच असं समजू नका. बऱ्याचदा ती श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. त्या सेलवर क्लिक करून वर फॉन्टच्या खिडकीत नाव बघा. तो फॉन्ट तुमच्याकडे नसेल तर नाव तिरप्या अक्षरांत दिसतं. फॉन्ट मिळाला तर टाका, नाहीतर त्याच फॉन्टसाठी असलेल्या कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा. एका फॉन्टचा कन्व्हर्टर दुसऱ्याला चालत नाही.

अनोळखी ‘ऑनलाइन कन्व्हर्टर’ साइटवर मात्र सोसायटीची फाइल कधीही चढवू नका. त्यात शेजाऱ्यांचे फोन नंबर, पॅन, खाते क्रमांक असतात. ती माहिती दुसऱ्याच्या सर्व्हरवर पाठवायचा अधिकार कमिटीला कोणी दिलेला नाही.

आणि काहीच केल्या फाइल उघडत नसेल तर? ती नोटपॅडमध्ये उघडा आणि पहिली अक्षरं वाचा. ‘एचटीएमएल’ किंवा ‘टेबल’ असं दिसलं तर ते मुळात वेबपेज आहे; अनेक पोर्टलवरून डाउनलोड केलेल्या ‘एक्सएलएस’ फाइली अशाच असतात. एक्सटेन्शन बदलून ‘एचटीएमएल’ करा, ब्राउझरमध्ये उघडेल. सुरुवातीला ‘पी’ आणि ‘के’ ही दोन इंग्रजी अक्षरं असतील तर ती झिप आहे, म्हणजे अनेक फाइली दाबून एकत्र बांधलेली एक फाइल. झिपचा प्रकार तयार करणारे फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरं. एक्सएलएसएक्स आतून झिपच असते. प्रतीचं एक्सटेन्शन ‘झिप’ करून ती उलगडा. आत ‘एक्सएल’ फोल्डर मिळेल. त्यातल्या ‘शेअर्डस्ट्रिंग्ज’ फाइलमध्ये बहुतेक नावं आणि मजकूर असतो, ‘वर्कशीट्स’मध्ये प्रत्येक शीटचे आकडे आणि ‘मीडिया’मध्ये चिकटवलेली चित्रं. शीट पूर्ववत झाली नाही तरी थकबाकीदारांची नावं आणि रकमा इथून वाचून नवी शीट भरता येते.